तेविसावा वाटा

मोहघाटच्या श्री वेणूगोपाल संस्कृत महाविद्यालयात मी चार वर्षं कारकून होतो. अनुदान, शिष्यवृत्ती, अन्नवृत्ती, फीमाफी यांचे सगळे कागद माझ्या टाकाखालून गेले. एवढं लिहूनही हे प्रकरण असतं काय, त्यात देतो कोण, घेतो कोण आणि मधल्यामध्ये जेवतो कोण, हे मला समजलं नव्हतं. ते समजावलं देवकाबाईनं. तिला अक्षरओळख नव्हती. ती आमच्या भोजनशाळेत पाणी भरायची.

देवकाबाई धीवरीण. ब्रह्मपुरीपासून पाच कोसांवर, वैनगंगेच्या काठाला आमचं मोहघाट, आणि गावाखालच्या उतारावर धीवरटोली, मोजून बावीस घरं. पुरुष नदीत आणि तलावात जाळी टाकत. बाया बाजारात मासे विकत, लाह्या-फुटाणे भाजत आणि वरच्या आळीत पाणी भरत. धिवराच्या हातचं पाणी आमच्याकडच्या कडक सोवळ्यातल्या माणसालाही चालतं. याला शास्त्राधार कोणता, असं मी एकदा आमचे प्राचार्य शास्त्रीबुवा यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "विहीर खोल आहे." 

बाई उंच, काटक. डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, कमरेवर एक, आणि वरून तोंडाचा पट्टा चालू. विद्यार्थी सकाळी ओट्यावर बसून शब्दांची रूपं घोकत, तेव्हा ती जाताजाता म्हणायची, "घोका बापाहो, घोका. पाणी मी भरून राह्यली." नवरा हिवतापानं गेलेला. मागे एकच मुलगा, इस्तारी. तिला पगार नव्हता. पंगत उठल्यावर उरलंसुरलं वरणभात मिळायचं, आणि ते मी वहीत 'गरिबांस अन्नदान' या सदरात लिहायचो. म्हणजे दिवसाला साठ खेपा पाणी भरून ही बाई रोज आमच्या दानाखाली दबत होती. हे लिहिताना माझा हात एकदाही थांबला नाही, हे इथं कबूल करून टाकतो.

महाविद्यालयाचा जन्म भक्तीतून झाला, असं दारावरच्या पाटीवर रंगवलं होतं. मी जन्माच्या वेळी हजर होतो. एकावन्न साली मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली आणि मोहघाटचे मालगुजार विश्वंभरपंत यांना एकाएकी संस्कृतचा कळवळा आला. जी जमीन हातची जाणार होती ती त्यांनी वेणूगोपाळाच्या नावे केली. देवळामागच्या गोठ्याला चुना लावला. काशीत शिकून उपाशी परतलेल्या एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांना आणून प्राचार्य केलं. स्वतः पंत चिटणीस झाले. अध्यक्ष खुद्द देव होता. तो सभेला येत नसल्यामुळे त्याच्या वतीनं सही पंतच करत.

आता सरकारी अनुदानाची अट अशी होती, की निदान वीस विद्यार्थी पाहिजेत आणि त्यात एक तरी मागासवर्गीय पाहिजे. आमच्याकडे एकोणीस होते. पाच पंतांच्या नात्यातले. एक देवळाचा पुजारी, वय बेचाळीस. एक पंतांचा दिवाणजी, जो इन्स्पेक्टर येणार त्या दिवशीच विद्यार्थी असायचा. उरलेले बारा मात्र खरेच गरीब, भटाभिक्षुकांचे मुलगे. त्यांना संस्था सकाळी एक वेळ जेवू घालायची आणि संध्याकाळी ते गावात वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तर असे एकोणीस. विसावा आणि मागासलेला असा एकाच अंगात बसणारा माणूस पंत शोधत होते, आणि तो आपल्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेला आहे, हे चोपन्नच्या जूनमध्ये त्यांच्या ध्यानात आलं.

इस्तारी त्या साली ब्रह्मपुरीहून मॅट्रिक झाला होता. तिसऱ्या वर्गात झाला, पण झाला. बावीस घरांत मॅट्रिक झालेला तो पहिला. पुढे नागपूरला जायची ऐपत नव्हती. आमच्याकडच्या वर्षभराच्या वर्गाची सरकारमान्य परीक्षा पास झाली, तर प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकत होती. एवढ्यासाठी देवकाबाईचा जीव टांगणीला लागला होता. पोरगा मास्तर झाला पाहिजे, याहून मोठं तिनं देवाकडेही काही मागितलं नव्हतं.

पंतांनी तिला कचेरीत बोलावलं. मी कोपऱ्यात लिहीत होतो.

"देवके, तुझ्या मुलाला आमच्याकडे घाल. सरकारची शिष्यवृत्ती मिळेल. आमची अन्नवृत्तीही आहे."

बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मालक, एक इचारू? हे जे काय मिळते म्हणता, थे देते कोण?"

"सरकार देतं. संस्था देते."

"कवा देते?"

"वेळच्या वेळी."

"अन् देल्ल्यावर मंग वापस मांगते का?"

पंत हसले. "वेडी का काय तू? शिष्यवृत्ती म्हणजे दान. दिलेलं दान परत घेणारा नरकात जातो."

"मंग लिवा पोराचं नाव," देवकाबाई म्हणाली.

मी लिहिलं. नंतर पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की शिष्यवृत्तीबद्दल विचारायचं ते एवढंच असतं. कोण देतो, कधी देतो आणि परत मागतो का. सरकारनं आमच्याकडून आठ पानी फॉर्म भरून घेतले, पण हे तीन प्रश्न त्यात कुठं नव्हते.

मग दाखल्यांची वारेमाप धावपळ झाली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वर्तणुकीचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाई तहसिलीत गेली. तिथल्या बाबूनं विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती? ती म्हणाली, "मासे भेटले त्या दिवशी मासे. नाई भेटले त्या दिवशी नाई." बाबूनं 'अनिश्चित' असं लिहिलं. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. शेरा होता, 'अनिश्चित उत्पन्न नियमात बसत नाही, निश्चित करून पाठवावे.' बाई मला म्हणाली, "बाबू, नदीले सांगा ना निश्चित कराले." शेवटी मीच एक आकडा ठोकून दिला आणि नदीचं उत्पन्न निश्चित झालं. दिवाळीच्या सुमारास कागद आला, शिष्यवृत्ती मंजूर. पैसे आले नाहीत. मंजूर होणं आणि मिळणं यांच्यामध्ये आमच्याकडे एक अख्खं पीक निघून जातं.

तोवर इस्तारीनं छात्रालयातच राहायचं, असा नियम होता. सकाळच्या पंगतीत त्याचं पान कुठं मांडायचं, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी ते भोजनशाळेच्या मागच्या पडवीत, पाण्याच्या रांजणांजवळ मांडलं. म्हणजे आई ज्या रांजणात पाणी ओतायची, तेच पाणी पंगतीत सगळे पीत, आणि त्याच रांजणाच्या आडोशाला मुलगा एकटा जेवत असे. त्याच्या घरचं पाणी चालत होतं, त्याच्या शेजारचं पान चालत नव्हतं. संध्याकाळच्या वाराला गावातलं एकही घर तयार झालं नाही. तेव्हा तो आईनं भाजलेल्या लाह्या खाऊन वर गार पाणी प्यायचा. पोरगा अबोल होता. खाली मान घालून रूपं घोकायचा आणि शास्त्रीबुवा चोरून त्याला जास्त वेळ शिकवायचे. मला वाईट वाटायचं. वाईट वाटून मी घरी जायचो आणि गरम भात जेवायचो.

आता आमच्या अन्नवृत्तीबद्दल सांगायला हवं. पंतांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ दरवर्षी पौषात, धान निघाल्यावर, एका गरीब विद्यार्थ्याला बैलबंडीभर धान दिलं जाई. देवळापुढे मांडव, हार, भाषण, टाळ्या. मग ती बंडी देवळाला वळसा घालून मागच्या दारानं पुन्हा संस्थेच्या कोठारात शिरायची आणि मी वहीत लिहायचो, 'भोजनखर्चापोटी जमा.' तीन वर्षं असं झालं. तिन्ही मुलांना रीत ठाऊक होती. ती मुकाट हार घालून घ्यायची आणि संध्याकाळी वार जेवायला जायची. एक खरं सांगतो, हार कधी परत घेतला नाही.

पंचावन्नच्या पौषात अनुदानाची तपासणी करायला नागपूरहून इन्स्पेक्टरसाहेब येणार, असं पत्र आलं. मागासवर्गीय विद्यार्थ्यास संस्था काय साहाय्य करते, ते प्रत्यक्ष पाहू इच्छितो, असं त्यात होतं. पंतांनी लगेच ठरवलं, यंदाची अन्नवृत्ती इस्तारीला. मांडव पडला. दिवाणजी धोतर नेसून विद्यार्थ्यांत बसला. पंतांनी तासभर भाषण केलं आणि शेवटी हात उंच करून तेच वाक्य म्हटलं, "दिलेलं दान परत घेणारा नरकात जातो!" देवकाबाई विहिरीवर गुंड खाली ठेवून ऐकत होती.

टाळ्या थांबल्या. इस्तारीच्या गळ्यात हार पडला. पुढे धानाची बंडी उभी. इन्स्पेक्टरसाहेब भला माणूस होता. त्यानं मुलाच्या आईला पुढे बोलावून सहज विचारलं, "बाई, एवढं धान घरी नेणार कसं?"

"हे काय, नेऊन राह्यली, साहेब," देवकाबाई म्हणाली, आणि तिनं उताराकडे तोंड करून हाक मारली, "ओ डोमाभाऊ!"

डोमाभाऊ म्हणजे टोलीतला वडीलधारा, मोठ्या जाळ्याचा पुढारी. तो टोपल्या घेतलेली दहा-बारा माणसं घेऊन उतारावरून वर आला. जणू कुणी आधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्यांनी मिळून अर्ध्या घटकेत बंडी रिकामी केली. पंत हसत उभे होते. इन्स्पेक्टर शेजारी असल्यामुळे त्यांना हसणं भाग होतं, आणि शेवटची टोपली उताराआड जाईपर्यंत त्यांनी ते हसू चेहऱ्यावर धरून ठेवलं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'समाजाचा उत्स्फूर्त सहभाग पाहून समाधान वाटले.' अनुदान पक्कं झालं.

पुढचं टोलीत झालं. ते मला मागाहून कळलं. धिवरांची एक रीत आहे. मोठं जाळं लागलं, म्हणजे खूप मासे आले, की ते ज्याच्या हाताला आले त्याचे नसतात. काठावर सारख्या वाट्यांचे ढीग पाडतात, घराला एक. एकजण पाठ फिरवून बसतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस न बघता नाव घेतो. त्यामुळे कुरकुरीला जागा राहत नाही. आणि जो ढीग पाडतो त्यानं सगळ्यांच्या शेवटी उचलायचं. त्या दिवशी ढीग देवकाबाईनं पाडले आणि डोमाभाऊ पाठ करून बसला. धान काही मासे नव्हे, आणि शिष्यवृत्ती काही जाळं नव्हे. पण टोलीच्या हिशेबी मोठं जाळं लागलं होतं, आणि पोरगा टोलीचा होता.

त्याच संध्याकाळी आमच्या दारी टोपलीभर धान आलं, वर पळसाची पानं झाकलेलं. कुणीतरी ठेवून गेलं. मी बायकोला विचारलं, कुणी दिलं? ती म्हणाली, "कचेरीतल्या माणसाला लोक देतातच. तुम्हाला काय करायचंय?" मलाही काही करायचं नव्हतं. ते कांडून आम्ही दहा दिवस खाल्लं. भात फार चवीचा होता.

दुसऱ्या दिवशी पंतांनी धान परत आणायला बंडी टोलीत पाठवली. ती जशी गेली तशी आली. मग देवकाबाईला बोलावणं गेलं.

"धान कुठं आहे?" पंतांनी विचारलं.

"वाटलं, मालक."

"वाटलं? कुणाला?"

"टोलीले. आता कुठी राह्यलं थे! कोणाच्या ढोलीत पडलं, कोणाच्या उखळात."

"अगं, ते तुझ्या मुलाचं होतं!"

"मंग? पोरगा टोलीचाच हाये ना."

पंतांचा आवाज चढला. "ते भोजनखर्चापोटी परत जमा करायचं असतं. सहा महिने तो इथं जेवला, ते कुणी भरायचं?"

"वापस?" बाईनं डोळे मोठे केले. "मालक, तुमीच काल सांगितलं मांडवात, का देल्लं थे वापस घेणारा नरकात जाते. मी तुमाले नरकात कशी जाऊ देऊ? तुमच्या घरचं पाणी भरतो मी."

मी वहीत तोंड खुपसलं. मला हसू आवरत नव्हतं. बाईला मागच्या दाराची रीत माहीत नव्हती, असं म्हणायला मी आजही तयार नाही. ती विहिरीवर असायची आणि विहिरीवरून मागचं दार दिसत होतं. पण एक चूक तिच्या हातून झालीच. माणूस चारचौघांत जे बोलतो त्यानं तो बांधला जातो, असं तिला वाटत होतं. टोलीत तसंच असतं. वरच्या आळीत तसं नसतं.

पंतांनी इस्तारीचं नाव काढलं नाही. नाव काढलं तर विसाचे एकोणीस झाले असते आणि मागासवर्गीय शून्य. त्यांनी त्याचं जेवण बंद केलं आणि मला बोलावून हळू आवाजात सांगितलं, "त्याचा परीक्षेचा फॉर्म आहे ना तुमच्याकडे? तो खणात असू द्या. भोजनखर्च भरेपर्यंत पाठवायचा नाही." म्हणजे अनुदानापुरता तो विद्यार्थी, परीक्षेपुरता कुणी नाही. फॉर्म तयार होता. शास्त्रीबुवांची सही झालेली, परीक्षेची फी कार्तिकातच टोलीनं भरलेली. नुसता शिक्का मारून नागपूरला पाठवायचा, आणि शेवटची तारीख होती वीस फेब्रुवारी. मी "बरं" म्हटलं आणि खणाला कुलूप लावलं.

जेवण बंद झाल्याच्या पहिल्या दिवशी दुपारी टोलीतली सुकरी नावाची म्हातारी पितळीत भात आणि अंबाडीची भाजी घेऊन आली, पडवीत इस्तारीपुढे ठेवून तो जेवेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मुखरूच्या घरून आलं. तिसऱ्या दिवशी वारलूच्या. नियम मोडू नये म्हणून त्यात मासा नसे. बाकीच्या पोरांना वाराची सात घरं होती, इस्तारीला बावीस झाली. पंतांना ते दिसत होतं. पण त्या बायांना फाटकात अडवलं असतं, तर पाणीही फाटकातच अडलं असतं. त्यामुळे त्यांनी ते दिसत नाही असं ठरवलं.

पोटाचं भागलं. फॉर्म खणातच होता. पंधरा फेब्रुवारी उलटली. सतरा तारखेला सकाळी कचेरीत मी एकटा होतो. देवकाबाई आली. डोक्यावर गुंड नव्हते. ती दाराशी उभी राहिली.

"बाबू, पोराचा कागद गेला का नागपूरले?"

"नाही, बाई."

"काऊन?"

मी भोजनखर्चाचं सांगितलं. नियमांचं सांगितलं. चिटणीसांच्या हुकमापुढे माझं काही चालत नाही, मी पोटार्थी माणूस, असं सगळं सांगितलं. मला चांगलं बोलता येतं. मग तिनं विचारलं, "बाबू, धान कसं होतं?"

"कोणतं धान?"

"पानं झाकून देल्लं होतं ना, थे."

मी टाक खाली ठेवला.

"बावीस घराचे बावीस वाटे पाडले," ती म्हणाली. "मी मंग तेविसावा पाडला. डोमाभाऊले इचारलं, हा कोणाचा? तो पाठ करून बसला होता, त्याले काई समजेना. तवा मीच सांगितलं, हा लिवणाऱ्याचा. लिवल्याबगर पोट्टा आतमधी गेला नसता. तुमी खाल्लं का नाई?"

"खाल्लं," मी म्हणालो.

"सारं खाल्लं?"

"सगळं."

"मंग आता वढा," देवकाबाई म्हणाली. "आमच्यात असंच हाये. वाटा घेतला त्यानं जाळं वढाचं. सुकरीबाई म्हातारी हाये, थे बी भात घेऊन येऊन राह्यली. तुमचे हात तं धडधाकट हायेत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. विनवणीचाही नव्हता. लाच परत मागायची धमकीही त्यात नव्हती, कारण तिच्या लेखी ती लाच नव्हतीच. चार वर्षं मी लोकांकडून आलेलं मुकाट घेत होतो आणि त्याचं कुणी मला कधी काही विचारलं नव्हतं. लाज मला फार वाटली. पंतांच्या नोकरीत राहून इतकी लाज वाटू शकते, हेच मला नवीन होतं. मी किल्ली काढली, खण उघडला आणि फॉर्मवर शिक्का मारला. शिक्का थोडा वाकडा उमटला.

गावातलं पोस्ट पंतांच्या चुलतभावाकडे होतं. तिथं टाकणं म्हणजे पुन्हा खणात ठेवणं. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीचा बाजार होता. बायकोचं दुखणं सांगून मी रजा घेतली आणि भल्या सकाळी बाईबरोबर निघालो. पुढे तिच्या डोक्यावर माशांची टोपली, मागे कोटाच्या आतल्या खिशात फॉर्म घेऊन मी. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मासा शिवला नाही, आणि मी पाच कोस त्या वासामागे चाललो. वाटेत ती एकदाच बोलली. "बाबू, दमले का? टोपली देऊ?" आणि मोठ्यानं हसली.

पोस्टात मी फॉर्म रजिस्टर केला. पोस्टमास्तरनं पाकिटावर ठप्पा मारला, तेव्हा ती खिडकीला नाक लावून बघत होती.

"आता वापस येत नाई ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग काठाले लागलं," ती म्हणाली, आणि टोपली उचलून बाजारात मासे विकायला गेली.

मार्चात इस्तारीचं परीक्षेचं प्रवेशपत्र डाकेनं आलं आणि पंतांना सगळं कळलं. त्यांनी मला काढून टाकलं. पत्रात कारण दिलं होतं, 'सचोटीचा अभाव.' चार वर्षं खोट्या नोंदी लिहिल्या तोवर माझी सचोटी शाबूत होती. एक खरा कागद टपालात टाकला आणि ती गेली.

जूनमध्ये निकाल लागला. इस्तारी दुसऱ्या वर्गात पास झाला, आणि दिवाळीच्या आत सावली गावाकडच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागला. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे त्यानंतर दोन महिन्यांनी आले. संस्थेनं ते भोजनखर्चापोटी जमा करून घेतले. पुढल्या वर्षी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, फॉर्मवरचं सरकारचं नाव बदललं, बाकी फॉर्म तोच राहिला. महाविद्यालयाच्या दारावर नवी पाटी लागली, 'आमचे यशस्वी अन्नवृत्तिधारक,' आणि तिच्यावर पहिलं नाव इस्तारीचं. देवकाबाई त्या पाटीखालून पाण्याच्या खेपा करत राहिली. तिला मी एकदा ती वाचून दाखवली. ती म्हणाली, "नाव बरं काढलं पोट्ट्यानं. पगारही काढा म्हणा माह्या पाण्याचा."

मी ब्रह्मपुरीत बिऱ्हाड हलवलं आणि तहसिलीसमोर लिंबाखाली अर्ज लिहायला बसू लागलो. वर्षभरानं, भर उन्हाळ्यात, मोहघाटच्या तलावात मोठं जाळं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी देवकाबाई आमच्या दारात उभी, हातात पळसाच्या पानात बांधलेला पुडा. बायकोनं वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"बाई, आम्ही मासे खात नाही," मी म्हणालो. "आणि मी आता संस्थेत नाही. तुमचं माझ्याकडे काही काम उरलेलं नाही. हे कशाला?"

"काम नाई कसं?" ती पुडा उंबऱ्यावर ठेवत म्हणाली. "तेविसावा वाटा पडतेच आता. खा नाई तं मांजरीले घाला, तुमची मर्जी. झिंगूची पोरगी सातवी झाली, चंदा. तिलेबी मास्तरीन व्हाचं हाये. अर्ज कवा लिवता?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं नाकावरचा पदर काढला, पुडा उचलला आणि आत नेला. मी दौतीचं बूच काढलं आणि विचारलं, "मुलीचं पूर्ण नाव सांगा."